चित्र ओळीने उतरतं

लॅपटॉप मिटू नका, नुसता बाजूला सरकवा. पडद्यावर तुमचाच चेहरा दिसतोय, पण फोटोसारखा नाही. वेबकॅमचं चित्र तुमच्या शेडरने, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, बारीक चौकटींत कापलंय आणि प्रत्येक चौकटीत उजेड किती ते मोजून तिथे एकेक चिन्ह बसवलंय. कपाळ चमकतंय तिथे भरगच्च ॲट, गालावर फुल्या, हनुवटीखाली अपूर्णविराम, केसांत नुसते ठिपके. वरून हिरवा रंग, आडव्या रेघा आणि किंचित थरथर. जुन्या कॉम्प्युटरचा फील आणायचा होता ना? आलाय. पण राग येणार नसेल तर सांगतो, हा जुनेपणा सिनेमातला आहे. १९९९च्या ‘मेट्रिक्स’ने जगभरच्या पोरांना हिरवी अक्षरं पाजली, ती अजून उतरलेली नाहीत. तुम्ही तर भिवंडीत बसलाय. इथे याच खेळाचं अस्सल सामान दोन-चार गल्ल्यांत मिळायचं.

चला तर. साल १९९०च्या आसपासचं धरू, महिना मे, दुपारचे दोन. वार कोणताही चालेल, शुक्रवार सोडून. शुक्रवारी माग बंद असतात आणि माग बंद असलेली भिवंडी पाहण्यात काही अर्थ नाही.

धामणकर नाक्यावर उतरलात. पहिला धक्का उन्हाचा, दुसरा आवाजाचा. खटक-खटक, खटक-खटक. हा आवाज एका बाजूने येत नाही. तो भिंतीतून येतो, गटारावरच्या फरशीतून येतो, चहाच्या ग्लासातून येतो. टपरीवरचा कटिंग नीट बघा, चहाच्या पृष्ठभागावर बारीक वर्तुळं उमटतायत. सायझिंगच्या कारखान्यातून उकळत्या खळीचा आंबूस, पिठूळ वास येतोय, त्यात डिझेल मिसळलंय, आणि कुठल्या तरी बिशीत कामगारांसाठी डाळीला फोडणी बसलीय. ताग्यांनी लादलेली हातगाडी थेट तुमच्या अंगावर येते. “ओ शेठ, बाजू! बाजू हो!” बाजूला होताना भिंतीला हात टेकलात, हाताला पांढरं तूस लागलं. तूस सगळीकडे आहे. विजेच्या तारांवर, झाडाच्या पानांवर, माणसांच्या भुवयांवर. पाच मिनिटांत तुमच्याही. आणि एव्हाना तुम्ही ओरडून बोलायला लागलायत, ते तुमच्या लक्षातही आलेलं नाही.

जिना चढा. वर कॉम्प्युटर क्लास आहे.

चपला बाहेर! हा इथला पहिला नियम, देवळापेक्षा कडक. दारात ओलं पोतं, त्यावर पाय पुसायचे. आत गेलात की अंगावर काटा येतो, कारण गल्लीतला एकमेव एसी या खोलीत आहे आणि तो माणसांसाठी लावलेला नाही. बाहेर अंगाची लाही होत असलेली पोरं तासाच्या आधी अर्धा तास येऊन बसतात, ती काही डीबेसच्या प्रेमाने नव्हे. सरांचा सगळा जीव तुसावर. खिडकीच्या फटींना चिकटपट्ट्या, कीबोर्डांवर प्लॅस्टिकची टोपरी, फ्लॉप्या कुलूपबंद डब्यात. किल्ली सरांच्या खिशात.

एका मशीनसमोर बसा. काळा पडदा, हिरवी अक्षरं, एक लुकलुकणारी रेघ. अक्षर पुसलं तरी त्याची हिरवट सावली क्षणभर रेंगाळते. तुम्ही शेडरमध्ये हीच रेंगाळण आणायला मागची फ्रेम जपून ठेवता आणि थोडी-थोडी विझवता. इथे ती काचेच्या आतल्या लेपात फुकट मिळते. पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरं, अशा २५ ओळी. म्हणजे तुमच्या हाताशी एकूण २००० चौकटी. एकेका चौकटीला मेमरीत दोन बाइट: एका बाइटात कोणतं चिन्ह, दुसऱ्यात ते कसं दाखवायचं, उजळ की साधं, की लुकलुकतं. चार हजार बाइटांत अख्खं जग. त्यातच नाचायचं.

शेजारचा मुलगा नाचतोय. सरांची पाठ वळली की तो ऑल्ट दाबून धरतो आणि आकड्यांच्या कळांवर १७६ मारतो. पडद्यावर विरळ ठिपक्यांची एक वीट उमटते. १७७ मारला की अर्धी भरलेली, १७८ला बरीच भरलेली, २१९ला ठार भरलेली. झाल्या चार छटा, आणि रिकामी जागा धरून पाच. एवढ्यावर तो गणपती काढतोय. पहिल्या दिवशी त्याने पोट गोल काढलं तर ते उभट अंडं झालं, कारण इथली चौकट रुंदीपेक्षा बरीच उंच असते. आता तो आडव्या दोन विटा म्हणजे उभी एक असा हिशोब मनात धरून काढतो. तुमच्या पडद्यावरचं नाक लांबट का दिसतं, त्याचंही उत्तर मिळालं असेल. चेहऱ्याचा नमुना चौरस चौकटींनी घेतलात आणि अक्षरं उभट बसवलीत. चौकटीचं माप आधी, चित्र नंतर.

सर कोणाशी तरी बोलायला बाहेर गेले. मुलाने प्रिंटर चालू केला. सांभाळा, हा आवाज दातांत जातो. डॉट मॅट्रिक्सचं डोकं डावीकडून उजवीकडे धावतं, नऊ सुया शाईच्या रिबिनीवर टोचत जातात आणि कडेला भोकं असलेला लांबच लांब कागद खाडखाड पुढे सरकतो. गणपतीचा मुकुट उतरला. पण हे काय? विटांच्या जागी तिरके आकडे! विरळ होतं तिथे तिरकी शून्यं, त्याहून दाट तिथे तिरके एक, आणखी दाट तिथे तिरके दोन. एप्सन प्रिंटरच्या जुन्या कोष्टकात १२८च्या पुढचे क्रमांक म्हणजे पहिलीच अक्षरं, फक्त तिरकी. १७६तून १२८ वजा करा, ४८ उरतात, आणि ४८ म्हणजे शून्य. पडद्याचं आणि प्रिंटरचं कोष्टक वेगळं, त्यात बिचाऱ्या बाप्पाचं पोट आकड्यांनी भरलं.

पोरं हसतात, तुम्हीही हसता. मग कागद फाडून कोणी तरी तो भिंतीला टेकवून धरतो आणि सगळे दारापर्यंत मागे जातात. तिथून आकडे दिसेनासे होतात. गणपती दिसतो! जरा फिका, पोट हवं तितकं काळं नाही, पण दिसतो. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन नोल्टन आणि लिऑन हार्मन यांनी १९६६मध्ये फोटोतला उजेड मोजून, त्या-त्या जागी लहानलहान चिन्हं छापून हेच केलं होतं: जवळून चिन्हं, लांबून चित्र. इथल्या कोणाला त्याची खबर नाही. सरांची पावलं वाजतात आणि बाप्पा घाईघाईने घडी होऊन दप्तरात जातात.

चपला घाला, शेजारचा जिना धरा. हा टायपिंग क्लास. इथे एसी नाही, आणि पंखाही मंद, कारण जोरात लावला तर कागद उडतात. दोन रांगांत वीसेक यंत्रं, प्रत्येकाचा ठोका निराळा. ओळ संपत आली की टिंग, आणि मग गाडी परत ढकलण्याची करकर. टिंग-करकर, टिंग-करकर, आणि त्याखाली रस्त्यावरच्या मागांची खटक-खटक. यंत्राचं तेल, कार्बन पेपर आणि रिबिनीची शाई यांचा मिळून एक जांभळा वास असतो. वासाला रंग नसतो म्हणणाऱ्यांनी इथे येऊन बसावं. पोरं-पोरी घामेजल्या बोटांनी परीक्षेची तयारी करतायत, मिनिटाला ३० शब्द, मग ४०. ४० झाले की नोकरी, निदान घरच्यांची तशी समजूत.

मराठीच्या यंत्रावर बसा. काही कळा दाबल्या तर गाडी पुढे सरकतच नाही. मात्रा, अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर बसवायचे तर सरकून कसं चालेल? काही अक्षरं दोन ठोक्यांत होतात, आधी अर्धं, मग काना. आता गंमत करा. एका ओळीत क, क, क, क मारा, खाली पुन्हा तेच, आणि असं पानभर. मान मागे घेऊन पाहा. अक्षरं विरून गेली आणि आडव्या पट्ट्या उरल्या. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर शिरोरेषा आणि ती शेजारच्या शिरोरेषेला भिडलेली, त्यामुळे अख्खं पान आखलेल्या वहीसारखं दिसतंय.

हे नीट लक्षात ठेवा. तुमच्या शेडरमध्ये रोमन अक्षरं काढून देवनागरी घातलीत की पहिली तक्रार हीच असते: सावली कुठेही असो, पट्ट्या सगळीकडे. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे अक्षरं सोडून देवनागरी आकडे वापरा, त्यांना शिरोरेषा नसते. विरळासाठी दंड आणि ०, मग १, पुढे दाट लागेल तसे गाठीगाठींचे ५, ६, ९. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. पट्ट्या राहू द्या. जुन्या पडद्याचा भास आणायला तुम्ही ज्या आडव्या रेघा वेगळ्या काढता ना, त्या काढूच नका. मराठीने त्या आयत्या आणून दिल्यात. जगातल्या बहुतेक लिप्यांना ही सोय नाही.

मागच्या रांगेतली मुलगी सराव सोडून दुसरंच काही तरी करतेय. कागदावर पेन्सिलने पुसट मोर काढलाय आणि त्यावर ती फुल्या मारत चाललीय. जिथे काळं हवं तिथे मागे येऊन त्याच फुलीवर पुन्हा ठोका, आणखी काळं हवं तर तिसऱ्यांदा. हलक्या हाताने मारलं की राखाडी. क्लासचे सर रागावत नाहीत, कारण त्यांना ठाऊक आहे की मुंबईत युनियन बँकेत टंकलेखक असलेले चंद्रकांत भिडे याच कळांवर गणपती, आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन, गावसकर असे एकेक काढतात. भिड्यांना शिकायची होती चित्रकला. घरच्या परिस्थितीमुळे शिकावं लागलं टायपिंग. ऑफिसात इंटरकॉमच्या नंबरांची यादी टाइप करायला सांगितली, तर या गृहस्थांनी ती टेलिफोनच्या आकारात टाइप करून दिली. पुढे निवृत्त झाले तेव्हा बँकेने ते यंत्र त्यांना एका रुपयात देऊन टाकलं. मला हा किस्सा चित्रांइतकाच आवडतो. कचेरीतल्या हिशोबाच्या वहीत एका रुपयाची ती नोंद कोणी कशी केली असेल?

मुलीच्या खांद्यावरून पाहा, पण श्वास धरा. कागद हलला तर संपलं. इथे पुसायची सोय नाही. पिसाऱ्याच्या आठव्या ओळीत फुली चुकली तर ती चुकीसकट पुढे जाणार किंवा नवा कागद घेणार. मोराची मान झालीय, पाय अजून कागदाच्या पोटात आहेत.

आता खाली गल्लीत, आणि थेट कारखान्यात. कान झाकावेसे वाटतील, झाकू नका, लोक हसतील. आत पाऊल टाकलं की आवाज कानाने ऐकू येत नाही, तो छातीत वाजतो. पत्र्याच्या छपराखाली मागांच्या रांगा, मधून एक माणूस जेमतेम आडवा जाईल एवढी वाट. ट्यूबलाइटच्या उजेडात तूस तरंगतंय. गरम तेल, घाम, सुताचा कोरडा वास. कामगार बनियन-लुंगीवर, एकेकाकडे चार-चार, सहा-सहा माग, पाळी बारा तासांची. बोलणं अशक्य, म्हणून सगळं हातवाऱ्यांनी आणि ओठांनी चालतं. तुम्हाला बघून एकाने हनुवटी वर केली. म्हणजे ‘काय हवंय?’ तुम्ही वर बोट दाखवा. मागाच्या डोक्यावर बसलेल्या डॉबीकडे.

ही पाहायलाच तुम्हाला इथवर आणलं. लाकडी पट्ट्यांची साखळी फिरतेय, पट्ट्यांना भोकांच्या रांगा, काही भोकांत लाकडी खुंट्या ठोकलेल्या, काही मोकळी. खुंटी असली की ताण्याचे ठरावीक धागे वर उचलले जातात, नसली की खालीच राहतात. वर-खाली धाग्यांच्या मधल्या फटीतून धोटा सणकन पलीकडे जातो, बाण्याचा एक धागा टाकतो, फणी तो ठोकून बसवते. झाली चित्राची एक ओळ. पुन्हा खुंट्या, पुन्हा धोटा, दुसरी ओळ. मिनिटाला शंभराहून जास्त ओळी. आहे की नाही, शून्य आणि एकचा कारभार, आणि तोही उकाड्यात, तेलात माखलेला?

जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, तुम्हाला कोपऱ्यातल्या टेबलाशी नेतो. तिथे आलेख कागद आहे, तांबड्या पेन्सिलीने काही घरं भरलेली. भरलेलं घर म्हणजे धागा वर, रिकामं म्हणजे खाली. दर आठ घरांनंतर जाड रेघ, आडवीही आणि उभीही. आठ बाय आठ! बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरांवरचं एकेक अक्षर नेमकं याच मापाच्या चौकटीत कोरलेलं असायचं. इथे मात्र छटा अक्षरांतून येत नाही, विणीतून येते. आठ धाग्यांच्या साटीनमध्ये आठातला एकच धागा वर ठेवला की एक छटा, दोन ठेवले की दुसरी, असं सातापर्यंत. तुमचा ठिपक्यापासून ॲटपर्यंतचा जिना तो हाच. डॉबीवर एवढ्या बारकाव्याचं चित्र निघत नाही, त्याला भोकांच्या पुठ्ठ्यांचं जॅकार्ड लागतं. फ्रान्समध्ये लिआँ शहरात १८३९मध्ये विणकरांनी या यंत्राचा जनक जॅकार्ड याचीच तसबीर रेशमात विणली, त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. तिची एक प्रत कॉम्प्युटरचा आराखडा आखणाऱ्या चार्ल्स बॅबेजने मिळवली होती आणि घरी आलेल्यांना तो ती कौतुकाने दाखवायचा.

तेवढ्यात एका मागाशी गडबड. जॉबर कापडावर बोट फिरवतो: बुट्टीच्या उजव्या पाकळीत एक धागा तरंगतोय. बोटभर वर तेच. त्याच्या वर पुन्हा तेच. तो डॉबीकडे न बघताच मान हलवतो, मग शिडीवर चढून साखळी हाताने फिरवत एक पट्टी शोधतो. एक खुंटी पडलीय. साखळीच्या प्रत्येक फेऱ्यात तीच चूक, त्याच जागी, इमानाने. कपाटातली नवी खुंटी, हातोडीचे दोन ठोके, काम झालं. दुरुस्ती चोख, पण विणून झालेल्या कापडाला त्याचा काही उपयोग नाही. ते कापड व्यापारी उजेडात धरणार आणि भाव पाडणार.

आणि मग लाइट जाते.

एका क्षणात सगळं थांबतं. इतकी शांतता की कान शिट्टी वाजवतात. कोणी तरी खोकतं, कोणी वीज मंडळाचा उद्धार करतं, बाकीचे पटापट बाहेर विडी ओढायला. तुम्ही अर्ध्या विणलेल्या बुट्टीपाशी थांबा. तीन पाकळ्या आहेत, चौथी नाही. ती अजून कुठेच नाही. खुंट्यांत तिची सूचना आहे एवढंच. लाइट परत येऊन माग सुरू झाला की थांबलेल्या जागी कापडात एक आडवी रेघ राहील, कुठे विरळ, कुठे गच्च. जाणकार बोटाने ओळखतात, इथे वीज गेली होती.

आता तुमच्या शेडरकडे या, कारण त्याचं नेमकं दुखणं इथेच आहे. रंग ठीक, थरथर ठीक. पण तुमचा शेडर सगळ्या चौकटी एकाच दमात भरतो. ग्राफिक्स कार्डाचा तोच स्वभाव: प्रत्येक बिंदूचा हिशोब स्वतंत्र, शेजाऱ्याची कोणाला खबर नाही, सेकंदाला साठ वेळा अख्खं चित्र नवं. प्रिंटर, टाइपरायटर, माग यांतल्या एकालाही हे जमत नव्हतं. तिथे चित्र ओळीमागून ओळ उतरायचं, उतरलेली ओळ बदलायची नाही आणि न उतरलेली कोणी पाहिलेली नसायची. जुनेपणा म्हणतात तो हिरव्या रंगात नव्हता, या थांबण्यात होता.

बदल फार मोठा नाही. चौकटीची ओळ कितवी ते काढा. आरंभापासून किती वेळ गेला त्यावरून सध्या कोणती ओळ विणली जातेय ते ठरवा. तेवढ्याच ओळीसाठी वेबकॅमकडे बघा. तिच्या वरच्या आणि खालच्या सगळ्या चौकटींना मागची फ्रेम जशीच्या तशी परत द्या. त्यासाठी दोन टेक्श्चर आळीपाळीने वापरावी लागतील, एकातून वाचायचं, दुसऱ्यात लिहायचं. वेग सेकंदाला दहा-बारा ओळी ठेवा, घाई नको. वेगळ्या आडव्या रेघा काढून टाका, शिरोरेषा आहेत. हवं तर मधेच केव्हा तरी वीज घालवा: दोन सेकंद ओळ थांबू द्या, आणि सुरू होताना पहिली ओळ जरा जास्त दाट बसवा.

चालवून बघा. आधी केस उतरतील, मग कपाळ. याच्यात मध्येच मान वळवलीत तर चेहरा वाकडा येईल, कारण कपाळ आधीच्या क्षणाचं आणि गाल नंतरच्या क्षणाचे. दुरुस्ती नाही. भुवया आल्या, डोळे आले. शेजारी बसलेला मित्र वाकून पडद्यात बघेल आणि विचारेल, “काय रे, हँग झालं का?”

मान न हलवता उत्तर द्या. “गप्प बस, अजून नाक यायचंय.”